चार नंबरचं लुगडं

उल्हासनगर, ९ जानेवारी

अहो,

कृपा करून फोन करू नका. कालचा फोन अख्ख्या खोलीने ऐकला. मशीन शॉपमध्ये कान देऊन आलेल्या माणसाशी मोबाइलवर बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि ‘पोट साफ झालं का’ या तुमच्या प्रश्नाला ओरडून उत्तर देण्याइतकी मी अजून निर्लज्ज झालेले नाही. तेव्हा आता चिठ्ठ्या. सुरुची डबा आणताना तुमची आणेल, जाताना माझी नेईल. सून म्हणून तिने एवढं केलं, आता थोडे दिवस पोस्टमनही होऊ दे.

खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं आहे. साखर वाढली म्हणून ठेवून घेतलंय. खोलीत आम्ही चौघी. मला इथे ‘तीन नंबर’ म्हणतात. ‘तीन नंबरला इंजेक्शन दिलं का’, ‘तीन नंबरने भात टाकला’. मांजर्लीत निम्म्या बायकांना मी शिवण शिकवलं, रस्त्याने जाताना चार जणी तरी हाक मारतात, आणि इथे मी एक आकडा. अंगात पाठीमागून उघडा, नाड्या बांधायचा हिरवा गाऊन. शिवणाऱ्याने ही पाठ अशी का ठेवली असेल याचा मी पडल्या पडल्या विचार करते आणि मला त्याचा राग येतो.

तुम्ही पहिल्या दिवशी काउंटरवर काठी आपटून ‘माझ्या बायकोच्या बांगड्या मला न विचारता का काढल्या’ म्हणून जो गोंधळ घातलात, त्याची इथे अजून आठवण काढतात. वॉचमनला सांगून ठेवलंय की काठीवाल्या आजोबांना वर सोडायचं नाही. तुम्हीही ‘या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही’ म्हणून बसलात, म्हणजे दोन्हीकडून सोय झाली. पण एक सांगू का? बांगड्या माझ्या होत्या. विचारायचं मला होतं. त्यांनी विचारलं नाही आणि तुमच्याही ते डोक्यात आलं नाही.

शेजारच्या खाटेवर चांगुणा नावाची म्हातारी आहे, चामटोलीची. तापाने आली होती, ताप उतरला, पण डोक्याने गेलेली दिसते. सारखी उठायला बघते. गाऊन ओढून काढते, मग गादीवरची चादर ओढते, कमरेला गुंडाळते, पायांमधून घेते, मागे कोंबते, आणि तेवढ्यात सिस्टर येऊन सगळं सोडवतात. परत तेच. काल दुपारी उठताना तोल गेला, थोडक्यात वाचली. तेव्हापासून ड्रेसिंगच्या पट्टीने तिची दोन्ही मनगटं खाटेच्या दांडीला बांधून ठेवली आहेत. ती ‘हात सोर गो बाय’ म्हणत राहते. मी खाट बदलून मागितली, इनचार्ज सिस्टर नाही म्हणाल्या.

मऊ भात पाठवू नका. दोन दिवस तेच खातेय.

तुमची
तीन नंबर


मांजर्ली, बदलापूर, १० जानेवारी

प्रिय मालिनी,

तुला तीन नंबर म्हणणाऱ्यांचं नाव मला कळव. आणि मी काठी आपटली नव्हती, ती हातातून निसटली आणि काउंटरवर पडली. जरा जोरात पडली असेल.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. शेजारच्या बाईंबद्दल लिहिलं आहेस ते मला काही पटेना. कमरेला गुंडाळते, पायांमधून घेते, मागे कोंबते. अगं, हे वेड कुठलं? हे लुगडं नेसणं झालं. माझी आजी शेवटच्या आजारात डोळ्यांनी दिसत नसताना हेच करायची, आणि आई तिचा कासोटा नीट खोचून द्यायची. तू चाळीस वर्षं बायकांना झंपर आणि परकर शिवायला शिकवलंस, आणि कासोटा ओळखला नाहीस?

चामटोलीतल्या जुन्या बायका गुडघ्यापर्यंतच लुगडं नेसतात, तू पाहिल्या आहेस, बाजारात भाजी घेऊन बसतात. जन्मात दुसरं काही अंगाला लागलं नसेल. त्या बाईला संडासला जायचं असेल, आणि पाठ उघडी टाकून ती जाणार नाही. म्हणून जे कापड हाताला लागतं ते नेसते. आणि हे लोक तिचे हात बांधतात.

मऊ भात बरा असतो. पेशंटने तोच खायचा असतो. आज सोबत मेतकूट पाठवलंय.

तुझा
श्यामकांत


उल्हासनगर, ११ जानेवारी

अहो,

तुम्ही बरोबर असलात की मला फार राग येतो, हे तुम्हाला माहीत आहे. काल चिठ्ठी वाचली आणि अंगाचा तिळपापड झाला, तुमच्यावर आणि माझ्यावरही. मी उताणी पडलेली, मान वळवून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं आणि बाईला वेडी ठरवून मोकळी झाले.

मग मी पडद्याच्या फटीतून तिला विचारलं, ‘चांगुणाबाई, तुम्हाला लुगडं पाहिजे का?’ तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, ‘माजं लुगरं कुठं नेलं गो? मना परसाकडं जायचंय. ही बाय मना उगरी धाडते.’ ही बाई मला उघडी पाठवते, असं म्हणाली ती. डोकं शाबूत असलेल्या बाईचं बोलणं आहे हे. ताप होता तेव्हा बरळली असेल, ते वेगळं.

मी किर्तीला बोलावलं. किर्ती म्हणजे आमची दिवसपाळीची सिस्टर, बदलापुरातलीच, पोर गोड आहे पण पाय जमिनीवर ठरत नाही तिचा. तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, ‘आजी, मला पण वाईट वाटतं ओ. पण अख्ख्या मजल्याला आम्ही दोघी. त्या पडल्या ना, तर माझी वाट लागेल. इनचार्ज मॅडमना विचारा.’ इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘ड्रेसकोड सगळ्यांना एकच. त्यांच्या सुनेने हात बांधायच्या संमतीवर सही केली आहे. तुम्ही तुमच्या तब्येतीकडे लक्ष द्या.’ मी म्हटलं, तेच करते.

आज सकाळी व्यायामवाला मुलगा वॉकर घेऊन आला, ‘चला आजी, उभं राहायचं.’ मी सांगितलं, शेजारच्या बाईंचे हात सुटेपर्यंत मी पाय जमिनीला लावणार नाही. तो हसला. मग त्याला कळलं की मी गंमत करत नाही. संध्याकाळी परत आला, मी परत नाही म्हटलं. डॉक्टरही येऊन गेले. सांगून टाकते म्हणजे सुरुचीकडून तिखटमीठ लावून कळणार नाही.

मेतकूट चांगलं होतं. पण भात मऊच होता.

मालिनी


मांजर्ली, १२ जानेवारी

मालिनी,

डॉक्टरांनी सुरुचीला काय सांगितलं ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी लिहितो. या वयात खुब्याचं ऑपरेशन झालं की लगेच उभं राहायचं असतं. आता राहिली नाहीस तर पायातली ताकद जाईल, छातीत कफ धरेल, आणि मग त्या खाटेवरून तू उठणारच नाहीस.

तुझा हट्ट मला ठाऊक आहे. सोसायटीने क्लासची खोली काढून घेतली तेव्हा तू पावसात जिन्याखाली मशीन लावून बसली होतीस. तेव्हा मला अभिमान वाटला होता. आज वाटत नाही. आज मला भीती वाटते. घरात कप एकच धुवावा लागतो. टीव्ही मोठ्याने लावला तरी कोणी बारीक कर म्हणत नाही. मी असं लिहिणारा माणूस नाही, पण लिहितो.

त्या बाईंसाठी भांडायचं तर भांड. मी तुला कधी अडवलं? पण पडून भांडणाऱ्या बाईला त्या लोकांनी ‘पेशंट को-ऑपरेट करत नाही’ म्हटलं की विषय संपतो. उद्या तुझेही हात बांधतील. उभी राहा आणि मग भांड. दोन पायांवर उभ्या असलेल्या मालिनीला नाही म्हणणं किती कठीण असतं ते मला विचार.

माझ्याकडून जे होईल ते मी करतो. काय ते विचारू नकोस.

श्यामकांत


उल्हासनगर, १५ जानेवारी

अहो,

उभी राहिले. झालं समाधान? दुखलं म्हणजे काय सांगू, तोंडातून आईचं नाव निघालं. पण राहिले, वॉकर धरून दारापर्यंत गेले आणि आले. तुमच्या एका कपामुळे नाही, भांडायला सोपं जातं म्हणून.

काल संक्रांत. किर्ती सुट्टी असूनही पाळी करत होती, घरून तिळगुळाचा डबा आणला होता. प्रत्येक खाटेपाशी जाऊन हातावर लाडू ठेवत होती, ‘आजी, गोड बोला.’ पहिल्या खाटेवरच्या बनूबाईंना दिला, त्या अंबरनाथच्या, स्वभावाने तापट, पण त्याही हसल्या. दुसऱ्या खाटेवर ईश्वरी आंटी, इथल्याच कॅम्पातल्या सिंधी, त्यांनी लाडू कपाळाला लावून खाल्ला. मग मला दिला. मग ती चार नंबरकडे गेली आणि लाडू घेऊन तशीच उभी राहिली.

तिळगूळ हातावर द्यायचा असतो. हात तर दांडीला.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडाजवळ नेला. चांगुणाबाईंनी तोंड फिरवलं. किर्तीने हळूच उजवी पट्टी सोडली. चांगुणाबाईंनी लाडू घेतला, खाल्ला, आणि मग तो मोकळा हात किर्तीच्या गालावरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली. किर्तीचे डोळे भरले. बाहेरून इनचार्ज सिस्टरचा आवाज आला, आणि तिने पट्टी परत बांधली. बांधताना खाली बघत होती. मनगटावर काळंनिळं झालंय ते तिलाही दिसलं.

नंतर ती माझं बीपी बघायला आली. तीच म्हणाली, ‘काकू, मी काय करू सांगा ना.’ आजीवरून काकूवर आली, म्हणजे काहीतरी हललंय.

मला आता लुगडं पाहिजे. जुनं, मऊ झालेलं, चांगुणाबाईंचं स्वतःचं. सून संध्याकाळी उशिरा येते आणि औषधं देऊन जाते, तिच्याशी मला बोलताच आलं नाही. आणि तुम्ही ‘काय ते विचारू नकोस’ लिहिलंत, म्हणजे तुम्ही काहीतरी उद्योग केलेला आहे. लवकर कळवा.

मालिनी


मांजर्ली, १६ जानेवारी

प्रिय मालिनी,

डब्याच्या पिशवीत खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आहे ते चांगुणाबाईंचं लुगडं. सुरुचीला सांगितलंय, थेट तुझ्या हातात दे.

मी चामटोलीला जाऊन आलो. रिक्षावाला म्हणाला, आजोबा, घर नंबर सांगा. मी म्हटलं, चांगुणाबाईंचं घर. पहिल्याच दुकानात कळलं. सून विठा, अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला जाते, नुकतीच पाळी करून आली होती. आधी दारातच उभं केलंन मला. ‘कोन तुम्ही? हास्पिटलची मानसं काय? माजी सही झालेली हाय.’ मी तुझी नऊ तारखेची आणि अकरा तारखेची, दोन्ही पत्रं वाचून दाखवली. नऊ तारखेच्या पत्रात तू तिच्या सासूला डोक्याने गेलेली म्हटलं आहेस ते वाक्य गाळलं.

ती खाली बसली. म्हणाली, ‘डाक्टरनी सांगितलं डोकं फिरलंय, बांधली नाय तर परेल. मना काय ठावं? शिकलेली मानसं. लुगरं त्यांनीच पिशवीत भरून माज्या हातात दिलं, घरी ने म्हनले. मी धुवून वाळत घातलं.’ मग तिला एकदम हसू आलं. नणंदेने लग्नात सासूला पाचवारी साडी दिली होती, तर सासूने ती फाडून खिडकीला पडदा लावला. पडदा मला दाखवला, अजून आहे, गुलाबी. मग तिला रडू आलं. म्हणाली, ‘मीच सही केली ओ काका.’ मी म्हटलं, सही परत घेता येते. हे खरं आहे की नाही मला माहीत नाही, पण म्हटलं.

लुगडं आहे ते पूर्ण नाही. विरलेल्या लुगड्याचा अर्धा भाग, घरात नेसायला. ती त्याला धडपा म्हणते. आजारपणात हेच सोपं, म्हणाली. घोळ कमी, गुडघ्याच्या वर राहतो, पायात येत नाही. तिथल्या त्या हिरव्या झग्यापेक्षा पडायची भीती कमीच. हे तू डॉक्टरांना सांग, आणि सांगताना ओरडू नकोस.

तू उभी राहिलीस हे वाचून मी खुर्चीत बसूनच राहिलो. चहा गार झाला.

श्यामकांत

ता. क. आजही मऊ भात आहे.


उल्हासनगर, १८ जानेवारी

अहो,

आता बसून, शांतपणे वाचा, आणि वाचताना मध्येच सुरुचीला ‘तिने खरंच असं केलं?’ विचारू नका. केलं.

परवा संध्याकाळी मी धडपा इनचार्ज सिस्टरना दाखवला. ओरडले नाही. तुम्ही लिहिलंत ते सगळं सांगितलं, गुडघ्याच्या वर राहतो, पायात येत नाही, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग धडपा घेतला, घडी केली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाल्या, ‘एकीला परवानगी दिली की उद्या सगळ्या मागतील.’ मी म्हटलं, ‘मागू द्या की.’ त्या म्हणाल्या, ‘हॉस्पिटल आहे काकू, लग्नघर नाही.’ आणि गेल्या.

वाईट बाई नाहीत त्या. दोन मुलींकडून अख्खा मजला सांभाळून घ्यायचा म्हटल्यावर माणूस कुलूपच लावतो. पण कुलूप चुकीच्या कपाटाला लागलं होतं.

मग आम्ही बोललो. बनूबाई म्हणाल्या, मला इथे चहा पेल्यात देतात, मी जन्मभर बशीतून प्यायले, मागितली तर ‘आजी, हट्ट नको’. ईश्वरी आंटी म्हणाल्या, ‘मैंने तो पहले दिन बोला था, मेरी सलवार दो, ठंड लगती है. कोई सुनता ही नहीं.’ एवढे दिवस एका खोलीत होतो आणि एकमेकींना खोकल्यावरून ओळखत होतो. चांगुणाबाई सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘मंग काराना ते हिरवं.’

काढा ना ते हिरवं. झालं.

सकाळी डॉक्टरांचा राउंड असतो. आज त्याच्या जरा आधी आम्ही तिघींनी गाऊनच्या नाड्या सोडल्या, गाऊन काढले आणि खाली टाकले. चांगुणाबाईंचा मी वॉकर धरून जाऊन काढला, हात बांधलेले असल्यामुळे बाहीत अडकला, तो खांद्याच्या शिवणीवर उसवला. उसवायला मला कधीच वेळ लागला नाही. मग चौघी गळ्यापर्यंत चादर ओढून पडलो. खोलीच्या मध्यभागी हिरव्या गाऊनचा ढीग.

किर्ती पहिली आली. ढीग पाहिला, आम्हाला पाहिलं, आणि ओढणी तोंडात कोंबून बाहेर पळाली. डॉक्टर आले ते दारातच थांबले. मागे दोन ज्युनिअर, त्यांच्या मागे इनचार्ज सिस्टर. डॉक्टर म्हणाले, ‘हे काय?’ मी म्हटलं, ‘आत या ना डॉक्टर. तुम्ही रोज न विचारता येता.’ ते आले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. मला जरा दयाही आली, पण जराच.

मी म्हटलं, ‘तुम्हाला आता जसं वाटतंय ना, तसं चार नंबरला रोज वाटतं. तिला संडासला जायचं असतं, उघडी जायचं नसतं. तुम्ही दिलेलं तिला नेसता येत नाही, तिचं तिला येतं. ते कपाटात आहे. तिला ते द्या, हात सोडा, आणि दिवसभर बघा. तिने एकदा जरी चादर ओढली तर माझेही हात बांधा. मी सही करून देते.’

त्यांनी इनचार्ज सिस्टरकडे पाहिलं. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘सर, त्या पडल्या तर?’ आणि तेव्हा मागून किर्ती म्हणाली, ‘सर, मी घेऊन जाईन त्यांना. जेवणाआधी आणि चहानंतर स्वतः विचारेन. त्यांना उठावंच लागणार नाही एकटीने.’ एवढ्या सगळ्यांसमोर बोलली. डॉक्टर म्हणाले, ‘उद्याचा एक दिवस. तिची सून हजर पाहिजे.’

म्हणजे उद्या. विठाला निरोप द्या, तुम्हाला घर माहीत आहे. मला आज झोप येईल असं वाटत नाही. मी माझे हात पणाला लावलेत, आणि चांगुणाबाईंच्या हातात एवढ्या दिवसांनी ताकद किती उरली असेल हे मला खरंच माहीत नाही.

मालिनी


मांजर्ली, १८ जानेवारी, संध्याकाळ

मालिनी,

विठाला सांगून आलो. ती रजा टाकते आहे.

सुरुचीला मी फक्त एकदाच विचारलं, ‘तिने खरंच असं केलं?’

लग्नाआधी तुझ्या मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलगी गरीब गाय आहे. त्या माणसाची आज फार आठवण आली.

तुझे हात बांधायची वेळ आली तर मी माझा शब्द मोडून वर येईन. काठी घेऊन येईन. हे इनचार्ज बाईंना सांगून ठेव.

श्यामकांत


उल्हासनगर, १९ जानेवारी

अहो,

काठी जागेवर ठेवा.

विठा आली. किर्तीने पट्ट्या सोडल्या. चांगुणाबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि नुसती मनगटं चोळत राहिल्या. इनचार्ज सिस्टर कुलूप उघडून धडपा घेऊन आल्या, स्वतः. दारात डॉक्टरांच्या मागचा एक ज्युनिअर उभा. त्याला विठाने ‘पाठ फिरव रे बाबा’ म्हटलं, तो फिरला.

चांगुणाबाई विठाच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. धडपा कमरेला लावला, आणि बोटांतून सुटला. बांधून ठेवून बोटं आखडली होती. परत लावला. मिऱ्या धरता येईनात. इनचार्ज सिस्टर घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण मला वाटलं की बघतायत. विठा पुढे झाली तर चांगुणाबाईंनी तिचा हात झटकला. ‘सोर. मी करतंय.’

तुम्हाला माहीत आहे, मी कोणाच्या हातातलं चुकलेलं काम बघू शकत नाही, लगेच ओढून घेते. आज दात आवळून बसले. मला रडू येत होतं आणि मी देवाला शिव्या देत होते.

मग त्यांनी डोळे मिटले. मिटल्यावर हात चालले. मिऱ्या आल्या, पायांमधून गेल्या, मागे खोचल्या, एकदा वर ओढून घट्ट केल्या. डोळे उघडले आणि आम्हा सगळ्यांकडे असं बघितलं की जणू आत्ताच घरी आल्या आणि आम्ही पाहुणे. ‘चल गो,’ किर्तीला म्हणाल्या, आणि तिच्या दंडाला धरून संडासला गेल्या. आल्या. खाटेवर आडव्या झाल्या आणि दुपारभर झोपल्या, दोन्ही तळहात उघडे टाकून. चादर तशीच होती, घडीसुद्धा मोडली नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर आले, बघितलं, मनगटावरचे वळ हातात घेऊन बघितले. म्हणाले, ‘पट्ट्या नकोत.’ इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, हे फक्त या खोलीपुरतं. मी म्हटलं, बरं. पण बाहेर मी ऐकलं, समोरच्या खोलीत नवीन बाई आल्यात, तर किर्ती त्यांना विचारत होती, ‘आजी, तुम्हाला काय म्हणू? घरी काय नेसता? सकाळी उठल्यावर आधी काय लागतं?’ ती बाई बावचळली. तिला हे कोणी विचारलेलंच नसणार. बनूबाईंच्या चहाला बशी आली. आंटी सलवार घालून राणीसारख्या बसल्यात.

त्या पट्ट्या मी किर्तीकडून मागून घेतल्या. दुहेरी करून वॉकरला पिशवी अडकवली आहे, चष्मा आणि पाण्याची बाटली ठेवायला. चांगलं मजबूत कापड आहे, हात बांधण्यात वाया जात होतं.

चांगुणाबाईंना आणि मला, दोघींना २१ ला सोडतायत. मला गाऊनमध्ये घरी यायचं नाही, गाडीतसुद्धा नाही. आणि तुम्ही शब्द दिलाय की या दारात पाय ठेवणार नाही. तो मोडायचा नाही. मी बाहेर येते.

मालिनी


हॉस्पिटलच्या गेटवरून, २१ जानेवारी, सकाळ

मालिनी,

रिक्षाने आलो आहे आणि गेटच्या बाहेर बाकावर बसलो आहे. वॉचमनने ओळखलं. काठीकडे बघत होता. मी त्याला तिळगूळ दिला.

ही चिठ्ठी किर्तीच्या हाती वर पाठवतो. सोबत चार साड्या आहेत: निळी, ती जांभळी काठाची, घरातली फुलांची, आणि संक्रांतीची काळी, जी या वर्षी नेसायची राहिली. मी एक निवडून आणणार होतो. फुलांची हातात घेऊन दारापर्यंत गेलो होतो, तीच सोयीची म्हणून. मग परत फिरलो आणि चारही आणल्या. कुठली ते तू सांग. पिशवीत बांगड्याही आहेत. त्याही नको असतील तर परत पाठव.

आणि रात्री काय खाशील ते लिही. मला फक्त भातच येतो, पण लिही.

घाई करू नकोस. मी इथेच आहे.

श्यामकांत


(त्याच कागदाच्या मागे)

काळी. बांगड्या घालून येतेय.

रात्री पिठलं आणि भाकरी. भाकरी विठा थापून देणार आहे, कबूल केलंय. पिठलं तुम्ही करा, मी खुर्चीत बसून सांगते.

चांगुणाबाई माझ्याबरोबर खाली येतायत. वॉकर मी धरणार, माझा दंड त्या धरणार, किर्ती मागे. दोन मजले लिफ्टने आणि तिथून गेटपर्यंत चालत. व्हीलचेअर आणली होती, आम्ही दोघींनी नको म्हटलं. वेळ लागेल.

रिक्षा सोडू नका. आधी चामटोली, मग घर.

मालिनी